तळाच्या बोल्टाभोवतीचे रंग

गाडी बघायला येणारा प्रत्येक माणूस फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायचा, सर्व्हिसिंग कुठे केलं? आणि मी तोच पाठ म्हणायची, बाहेर कुठेच नाही, आमचे हे घरीच करायचे. मग समोरच्याच्या तोंडावर जे हसू उमटायचं ना, ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरीच म्हणजे कधीच नाही, असं ते हसू. लाथ मारून टायर तपासायचे, काचेवर टिचकी वाजवायचे आणि फोन करतो म्हणून जायचे. फोन कुणाचाच आला नाही.

ज्याला उत्तर देता आलं असतं तो माणूस तिथेच, जिन्याखाली खुर्चीत बसलेला असायचा. पक्षाघाताने ह्यांचा उजवा हात आणि वाचा एका सकाळीच गेली. पाय ओढत, काठी टेकत चार पावलं चालायचे, पण बोलणं म्हणाल तर एकच अक्षर उरलं होतं, 'तं'. पाणी हवं, तं. पंखा बंद कर, तं. मी चिडले, तरी तं. कळत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. बाहेर मात्र तेवढंच यायचं. आणि हा तो माणूस, ज्याला गप्प बसवायला मला टीव्हीचा आवाज मोठा करावा लागायचा.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. बोलणं परत यायचं असेल तर ह्या पहिल्या काही महिन्यांतच, रोज तासन्‌तास शिकवून घेतलं तरच. नंतर जे राहिलं ते राहिलंच. बोलायला शिकवणारं केंद्र दुसऱ्या गावाला होतं, तिथेच राहावं लागणार होतं. एक जागा रिकामी झाली होती. शनिवारपर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवतो, पुढे रांगेतल्या दुसऱ्याला देऊ, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. विकण्यासारखी आमच्याकडे एकच वस्तू होती, ही गाडी. भंगाराच्या भावात गेली तर केंद्राची पायरीसुद्धा चढता येणार नव्हती. नीट किमतीला गेली तर ह्यांचा सगळा मुक्काम त्यात निघत होता. इतका साधा हिशेब होता आणि तो सुटत नव्हता.

गाडी आम्ही जुनीच घेतली होती. पहिल्या मालकाचं सर्व्हिस बुक सोबत आलं, त्यात कंपनीच्या वर्कशॉपचे निळे शिक्के ओळीने बसलेले. ज्या दिवशी गाडी आमच्या दारात आली त्या दिवसापासून पुढची पानं कोरी. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होते. माणसांनी भरलेल्या पेट्या दोरावर टांगून वर-खाली नेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला गाडीच्या इंजिनाचं काय कौतुक! दुसऱ्याने आवळलेल्या बोल्टच्या भरवशावर मी माझ्या बायकोला बसवायचं का, असं वर मलाच विचारायचे. रविवार उजाडला की हे गाडीखाली. पाय तेवढे बाहेर आणि तोंडाचा पट्टा चालू. ऑइल किती काळं पडलं, ब्रेकच्या पट्ट्या किती झिजल्या, फिल्टर कापून आत काय बघायचं. मी वर उभी राहून हं हं करायची. खरं सांगते, एक शब्द कानात शिरत नव्हता. आता वाटायचं, त्यातलं एखादं वाक्य तरी डोक्यात राहिलं असतं तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकलं असतं.

बिलं नव्हती. सुटे भाग जिथून आणायचे त्या दुकानात मी गेले. दुकानदाराने ह्यांना बरोबर ओळखलं. दर वेळी माझं डोकं खाऊन जायचे हो, म्हणाला, आणि झटक्याचं ऐकून त्याचे डोळेही भरून आले. पण एवढंच लिहून द्या म्हटल्यावर तो गल्ल्यामागे सरकला. ओळखीच्या माणसाला बिल कधी फाडलंच नाही, आता कशाच्या जोरावर लिहून देऊ? त्याचंही चुकत नव्हतं. फिल्टरची रिकामी खोकी घरात तरी राहिली असती, पण ती दिसली रे दिसली की मीच कचऱ्यात टाकायची. घर नीटनेटकं ठेवायची मला भारी हौस.

मग माझ्या दिरांनी उपाय काढला. भाऊजी मनाने चांगले आहेत, पण कुठल्या कामाला कुठली मागची वाट आहे ते त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. मंगळवारी संध्याकाळी ते एक सर्व्हिस बुक घेऊन आले. चहाचे डाग पाडून मुद्दाम मळवलेलं. आत तारखा, किलोमीटर, कुण्या वर्कशॉपचे गोल शिक्के, निरनिराळ्या पेनांनी केलेल्या सह्या. भाऊजींचं म्हणणं असं, की ह्यात खोटं काय आहे? दादाने कामं केलीच आहेत, आपण ती फक्त कागदावर उतरवली. मला पटलं. लाज वाटली, पण पटलं.

मी ते बुक ह्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं बघा, तुमचाच पराक्रम आहे सगळा. हे डाव्या हाताने एकेक पान उलटत गेले. शेवटचं पान झालं, बुक मिटलं, आणि शेजारी फरशी पुसायची बादली होती तिच्यात सोडून दिलं. रागाने भिरकावलं नाही, नीट, पूर्ण बुडेल असं सोडलं. भाऊजी बघतच राहिले. माझा मात्र तोल गेला. तुम्हाला पुन्हा बोलायचं आहे की नाही तेवढं एकदा सांगून टाका, असं मी ओरडून विचारलं, आणि कुणाला विचारलं, तर ज्याला सांगताच येत नव्हतं त्याला. हे म्हणाले, "तं." भाऊजींनी निमूटपणे चपला घातल्या.

बुधवारी एका नर्सबाईंचा फोन आला. त्या आडबाजूच्या वस्त्यांवर फिरून गरोदर बायका तपासायच्या, बाळंतपणं करायच्या. त्यांना गाडी तातडीने हवी होती. किंमत ऐकून त्या गप्प झाल्या नाहीत, उद्या सकाळी येते म्हणाल्या. माझा जीव टांगणीला लागलेलाच होता, आता त्याला झोके बसायला लागले. म्हटलं, कागद नाही तर नाही, गाडी तरी लखलखीत दिसू दे. कामावरून आल्या आल्या बादली, फडकी घेऊन खाली उतरले. ह्यांनाही खुर्चीत आणून बसवलं, तेवढीच हवा लागेल म्हणून.

बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जिकडे तिकडे माझं नेलपॉलिश. बॅटरीच्या पट्टीवर लाल, हवेच्या फिल्टरच्या झाकणावर जांभळं, इंजिनाच्या बोल्टांवर कुठे गुलाबी, कुठे मोरपंखी. मला नखं रंगवायचा नाद आहे. दर लग्नाला नवी बाटली आणायची, ती अर्धी होण्याआधीच दुसरा रंग मनात भरायचा. उरलेल्या बाटल्या हे उचलून न्यायचे, त्यावरून आमची वादावादी व्हायची. कशाला लागतात म्हटलं तर हे काहीतरी लांबलचक सांगत बसायचे, मी हं हं म्हणायची. पुढे मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला लागले. तिथे नखांवर दिसेल असं काही लावायला बंदी, तेव्हा रंगीत बाटल्या घरात येईनाशा झाल्या आणि ती वादावादीही थांबली.

आता ते रंग बघून मला एकच सुचलं. ह्या माणसाने गळती बुजवली आहे! जिथे जिथे तेल झिरपत असेल तिथे तिथे बायकोचं नेलपॉलिश थापून वेळ मारून नेली आहे. उद्या त्या बाईंनी हे बघितलं की संपलं. ठिगळं लावलेली गाडी पूर्ण किमतीला कोण घेणार? मी वर जाऊन नखांचा रंग काढायची बाटली आणली, ह्यांचा जुना बनियन फाडला आणि घासायला बसले.

पहिली लाल रेघ निघाली तशी ह्यांनी "तं" म्हटलं. मी लक्ष दिलं नाही. मग "तं, तं, तं" सुरू झालं, आवाज चढत गेला. हे खुर्चीतून उठायला गेले, काठी हातातून निसटून लांब गेली. मी तशीच वाकून घासत होते. गप्प बसा हो जरा, तुमचीच घाण निस्तरतेय मी, असं म्हणाले. हे डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागले तेव्हा मी मागे वळून बघितलं, तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, गाडी जाणार म्हणून रडताहेत. मलाही रडू येत होतं, पण हाताशी वेळ कुठे होता? वरून हात पोचेल तिथला सगळा रंग मी काढला. बनियनचं फडकं रंगीबेरंगी झालं, ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

गुरुवारी नर्सबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पायात मळके बूट, बोलणं तुटक. बॉनेट उघडून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, इंजिन फारच पुसलंय तुम्ही. मी हसून घालवलं. सर्व्हिसिंगचं त्यांनी विचारलं, मी माझा पाठ म्हटला आणि ते हसू उमटायची वाट बघत उभी राहिले. त्या हसल्या नाहीत. माझ्या आधीच्या गाडीचं बुक शिक्क्यांनी गच्च भरलेलं होतं, म्हणाल्या, आणि त्यातला एकही शिक्का खरा नव्हता. अडलेली बाई मागच्या सीटवर, आणि गाडी माळावर बंद पडली. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही. तेव्हापासून त्यांचा बुकावरचा विश्वास उडाला होता. ज्याने काम केलं त्याच्याशीच त्यांना बोलायचं होतं.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. बाईंनी खालची पायरी पुसली, ह्यांच्यासमोर बसल्या आणि अगदी नीट, सावकाश विचारलं, "ऑइल शेवटचं कधी बदललंत?"

"तं."

"आणि ब्रेकचं तेल?"

"तं." ह्यांनी डावा हात वर करून हवेत काहीतरी फिरवून दाखवलं, मग बॉनेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात मांडीवर आपटला.

माणूस हरलेला कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. झटका आला तेव्हाही हे असे दिसले नव्हते. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की उद्या माझ्या मिस्त्रीकडे गाडी वर चढवून बघू. त्याची खात्री पटली तर घेईन, नाहीतर नाही. राग मानू नका ताई, माझ्या मागच्या सीटवर दोन दोन जीव असतात. मी मान हलवली. उद्या म्हणजे शुक्रवार, आणि परवा ती जागा दुसऱ्याची होणार होती. दुसरं गिऱ्हाईक शोधायला उसंतच नव्हती.

शुक्रवारी सुट्टी टाकली. भाऊजींनी गाडी चालवत नेली, मी आणि हे मागे. ह्यांना घरी ठेवून जावं असं भाऊजींचं मत पडलं, पण हे गाडीच्या दाराला धरून उभे राहिले ते हलेनात. मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, मधोमध गाडी उचलणारे दोन खांब, भिंतीला टायरांची चवड आणि कोपऱ्यात एक बाक. मिस्त्री बोलण्यात काटकसरी माणूस. त्याने इंजिन सुरू केलं, कान देऊन ऐकलं, बंद केलं. मग बोल्टांवरून बोट फिरवून म्हणाला, हे कुणी धुतलं? काही लपवायचं असलं की धुतात. माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. नर्सबाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

गाडी वर चढली. मिस्त्री खाली जाऊन दिव्याच्या उजेडात सगळं बघत होता. तळाशी, जिथून जुनं ऑइल सोडतात त्या बोल्टापाशी, मळाचा थर होता. गळती आहे का बघू म्हणत त्याने साफ करायच्या औषधाचा फवारा उचलला.

"तं!"

अख्ख्या शेडमध्ये घुमला तो आवाज. हे बाकावरून अर्धे उठले होते. परवा बॉनेटपाशी काढला होता तोच आवाज, तसाच. तेव्हा मला ती कटकट वाटली होती. ह्या वेळी तसं वाटलं नाही. हा माणूस परवापासून काहीतरी एकच गोष्ट ओरडून सांगतोय आणि मी त्याला गप्प बस म्हणतेय.

"थांबा," मी म्हणाले. "फवारू नका. नुसत्या कोरड्या फडक्याने पुसा."

मिस्त्रीने खांदे उडवले, पण पुसलं. थर निघाला तसा खालून रंग वर आला. बोल्टाच्या भोवती, पत्र्यावर, बारीक बारीक रेघा गोलाकार मांडलेल्या. लाल, तिच्याशेजारी गुलाबी, मग जांभळी, मग मोरपंखी. माझे सगळे रंग तिथे होते. मी गाडीखाली कधीच गेले नव्हते, म्हणून तेवढे वाचले होते.

मिस्त्रीने फवारा खाली ठेवला. हे कुणी केलं म्हणून विचारलं. ह्यांनी, मी म्हटलं, लिफ्टच्या कामाला होते. तरीच, तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच ह्यांच्याकडे नीट वळून बघितलं. मग नर्सबाईंना जवळ बोलावलं.

"लिफ्टच्या कामात बोल्ट आवळून झाला की त्याच्यावरून खाली पत्र्यावर अशी एक रेघ ओढतात. बोल्ट केसभर जरी हलला तरी रेघ तुटते. काम करणाऱ्याला लांबूनच कळतं. आणि बोल्ट पुन्हा उघडला की जुनी रेघ जुळत नाही, मग तिच्या शेजारी नवी. ही एकेक रेघ म्हणजे एकेकदा ऑइल बदललंय." त्याने मान वर केली. "वरच्या बोल्टांवरही असणार."

"होत्या," मी म्हणाले. "मी पुसल्या."

हे बाकावर परत बसले होते, माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. माझ्याच हाताने मी ह्यांच्या इतक्या रविवारांवर बोळा फिरवला होता, आणि तेही ह्यांच्यादेखत.

नर्सबाई मात्र कामाच्या गोष्टीवर आल्या. रंग काय, काल रात्रीही लावता येतात, म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, फसलेल्या माणसाने विचारावं तसं विचारलं. आणि तिथे माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी फोन काढला. आमच्याकडे बिलं नसतील, पण लग्नाकार्यातले माझे फोटो खंडीभर आहेत, आणि एकाही फोटोत मी नखं दिसणार नाहीत असे हात धरलेले नाहीत. भाचीच्या लग्नात लाल. पुतण्याच्या लग्नात जांभळा, हे बघा, हातात फुलं आहेत. मोरपंखी नणंदेच्या नव्या घरात. प्रत्येक फोटोवर तारीख. हा गुलाबी रंग तर पुढे बाजारात मिळेनासाच झाला, त्याच्यासाठी मी दुकानं पालथी घातली होती. मिस्त्री रेघ दाखवायचा आणि मी फोटो शोधून द्यायची. भाऊजी तोंडाचा आ करून ऐकत होते. बाईंचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

मग मिस्त्री शेवटच्या रेघेपाशी आला. शेवाळी रंगाची. ही कधीची? मी फोटो शोधला. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न. त्याच महिन्यात मी रुग्णालयात लागले होते.

"त्याच्यापुढे?" मिस्त्रीने विचारलं.

त्याच्यापुढे काही नव्हतं. शेवाळी रेघ आणि मग नुसता करडा पत्रा. दोन वर्षांच्या वर झाली होती त्याला.

म्हणजे तेव्हापासून ऑइलला हात लागलेला नाही, मिस्त्री म्हणाला. मी म्हणाले असं कसं होईल, हे दर रविवारी खाली असायचे, झटका आला त्याच्या आदल्या रविवारीही होते, मी स्वतः पाय बघितलेत. बोलता बोलता मला कळत होतं की माझं बोलणं कुणालाच पुरेसं नाही. जे फोटो मी मोठ्या तोऱ्यात दाखवले तेच आता माझ्यावर उलटले होते. नर्सबाईंनी पर्स खांद्याला अडकवली. चांगली ठेवलेली दिसते गाडी, पण दोन वर्षं फार झाली ताई, असं म्हणाल्या. उद्या केंद्रातून फोन येणार, मी नाही म्हणणार, आणि हा बडबड्या माणूस मरेपर्यंत एका अक्षरावर दिवस काढणार. मला एवढंच दिसत होतं.

काठीचा आवाज आला. हे उठून माझ्यापर्यंत आले होते. आले आणि काठी सोडून दिली. सगळं अंग माझ्या खांद्यावर टाकलं, डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि वर ओढलं, गाडीच्या तळाकडे. माझी तर्जनी धरली आणि शेवाळी रेघेच्या पुढे, त्या करड्या पत्र्यावर टेकवून सावकाश फिरवली.

पत्रा सपाट लागेल असं वाटलं होतं. बोटाला एक उंचवटा लागला. जरा पुढे आणखी एक. मग आणखी. हे माझ्या नखावर अंगठा घासत होते, पुन्हा पुन्हा, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि मला कळलं. रुग्णालयात दिसेल असं काही लावायला बंदी होती. न दिसणारं मी लावतच होते. भांड्यांच्या पाण्याने नखांची सालपटं निघायची म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडं हौसेनेही. बिनरंगाची, पाण्यासारखी बाटली. तिच्यातलं काही उरायचं नाही, म्हणून तिच्यावरून आमचं कधी वाजलंच नाही. हे मला न विचारता तेवढीच एक एक रेघ घेत होते.

"दिवा तिरका धरा," मी मिस्त्रीला म्हणाले.

त्याने दिवा तिरका धरला. करड्या पत्र्यावर रेघा चमकल्या, जराशा पिवळट, एका शेजारी एक, आणि शेवटची अखंड, बोल्टावरून पत्र्यावर उतरलेली, कुठेही न तुटलेली. मिस्त्रीने त्यांच्यावरून नख फिरवलं. मग बाजूला झाला आणि बाईंना जागा करून दिली. नर्सबाईंनी पर्स खाली ठेवली, स्वतःचं बोट लावलं, एकेक रेघ चाचपली. शेवटच्या रेघेवर थांबून त्यांनी ह्यांना विचारलं, "आजारपणाच्या आधीची ना ही?"

"तं," हे म्हणाले.

"घेतली गाडी," बाई म्हणाल्या.

किमतीत त्यांनी घासाघीस केली नाही. भाऊजी त्यांच्याबरोबर बाहेर कागदांचं बघायला गेले. मी तिथूनच केंद्रात फोन लावला आणि उद्या येतो म्हणून सांगितलं. बाईंच्या सांगण्यावरून मिस्त्रीने लगेच जुनं ऑइल सोडलं, नवं भरलं, बोल्ट आवळला. आवळून झाल्यावर हात पुसत ह्यांच्याकडे बघत उभा राहिला. मला आधी उमगलं नाही, मग पर्समधून माझी बाटली काढून झाकण उघडून दिली. ह्यांनी मिस्त्रीच्या खांद्याला टेकून डाव्या हाताने रेघ ओढली. वाकडीतिकडी आली. आयुष्यात इतकी वाकडी रेघ त्यांनी ओढली नसेल. मिस्त्री म्हणाला, चालतंय.

शेडमध्ये आम्ही दोघंच बाकावर बसलो. उद्या ह्यांना केंद्रात सोडून मी एकटी परत येणार होते. तिथे काय होईल, किती शब्द परत येतील, येतील की नाही, कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं. मी म्हणाले, "मला कळलं नाही हो. तुम्ही सांगत होतात आणि मी पुसत राहिले." आणि मग परवापासून अडवून धरलेलं रडू आलं ते थांबेना.

हे काही म्हणाले नाहीत, तं सुद्धा नाही. डाव्या हाताने स्वतःचा निर्जीव उजवा हात उचलून बाकावर ठेवला, मग माझा हात ओढून त्याच्याशेजारी लावला, बोटाला बोट चिकटेल असा. बाटलीतला कुंचला अजून त्यांच्याकडेच होता. तो बुडवून त्यांनी माझ्या करंगळीच्या नखावरून एक रेघ ओढली, ती पुढे त्यांच्या करंगळीवर नेली आणि वाकून तिच्यावर फुंकर घातली. ती वाळेपर्यंत मी हात हलवला नाही.